चौकोनातल्या चांदण्या

१४ नोव्हेंबर

दादा,

फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तर मी ओरडेन, म्हणून पत्र. कागदावर ओरडता येत नाही, फार तर पेन जोरात टेकवता येतं. कागदाच्या मागून हात फिरवून बघ, कळेल तुला.

आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात आणि ती गुडघ्यांपेक्षा जास्त कुरकुरते. तुझ्या बढतीची बातमी तिची दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळ्यांना सांगून झाली आहे. आता वर्षभर तू परगावच्या मुख्य कचेरीत, वहिनी इथे एकट्या, हे मात्र तिला पसंत नाही. ते असो.

आज आपलं चष्म्यांचं दुकान लवकर बंद झालं. दिवस मावळताना मी पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर गेले. महिनाभर ढग होते, आज कुठे आकाश धुतल्यासारखं निघालं होतं. वर पोचते तर काय, आपल्या बसायच्या दगडाशेजारी खड्डे! मला वाटलं झाडं लावतायत. खड्ड्यापाशी उभ्या असलेल्या वायरमनला मी चक्क शाबासकी दिली. म्हटलं, कोणाला तरी सुचलं हो शेवटी. तो हसायला लागला.

"झाडं कसली ताई, खांब आहेत. पंधरा दिवस थांबा, इथे दिवसासारखा उजेड पडतो की नाही बघा."

मी म्हटलं, तुमची काहीतरी चूक होते आहे, इथे कोणी राहत नाही, उजेड कोणाला हवाय? तेव्हा त्याने खिशातून घडी घातलेला नकाशा काढला आणि माझ्यासमोर धरला. "हे बघा. जिथे गोल, तिथे खांब."

दादा, तो माझा नकाशा होता. त्याची प्रत होती, पण माझा होता. गोल काढायला मी दुकानातली एक बाद झालेली काच वापरते, तिच्या कडेचा टवका उडालाय, म्हणून माझा प्रत्येक गोल उजवीकडे जरासा बसका येतो. सगळे गोल बसके होते. आत माझ्या अक्षरातले आकडे होते. टेकाडाच्या गोलात अकरा.

दोन हिवाळे मी ते आकडे जमवले, हे तुला मी सांगायला नको. भाद्रपदेचा चार ताऱ्यांचा चौकोन डोक्यावर आला की एकेका जागी जाऊन उभं राहायचं, डोळे अंधाराला सरावू द्यायचे, आणि चौकोनाच्या आत नुसत्या डोळ्यांनी किती चांदण्या दिसतात त्या मोजायच्या. जास्त चांदण्या, तितका अंधार चांगला. बाजारात शून्य, मैदानात सात, तळ्याकाठी नऊ, टेकाडावर अकरा. ही युक्ती मला शिकवली कोणी? तूच. नकाशाची मूळ प्रत दिली कोणाला? तुलाच.

तू पालिकेचा वीज अभियंता आहेस. तुझ्या टेबलावर शंभर माणसं येऊन जातात. त्यातल्या कोणीतरी तो उचलला असेल. तसं लिही. मी विश्वास ठेवीन, मला दुसरं काही ऐकायचंच नाहीये.

तुझी,
घुबड

२५ नोव्हेंबर

दादा,

तुझं पत्र आलं. पत्र कसलं, परिपत्रक. "नागरिकांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सदर ठिकाणी प्रकाशव्यवस्था आवश्यक होती." सदर ठिकाणी! ज्या दगडावर बसून तू मला पहिल्यांदा देवयानीतला तो धुरकट ठिपका दाखवलास, आणि "घुबडे, हा उजेड निघाला तेव्हा माणूस नव्हता" म्हणालास, ते हे सदर ठिकाण.

आणि खाली एक ओळ: "नकाशा मीच जोडला. तुला वाईट वाटेल हे माहीत होतं." मी तुला एक आयतं खोटं हातात दिलं होतं. तेसुद्धा तू घेतलं नाहीस. खरेपणाची अशी उबळ तुला गेल्या हिवाळ्यात यायला हवी होती.

कारण मी आता सगळा गेला हिवाळा उलटा मोजते आहे. तू दगडावर माझ्या शेजारी बसलेला. थर्मासमधला चहा झाकणातून पिताना तू म्हणालास, "अंधार राखायचा तर तो कुठे कुठे आहे ते आधी दाखवता आलं पाहिजे. तू नकाशा पुरा कर, मी वर सांगून या जागा राखून ठेवतो." मी भोळी. मला वाटलं, आपला दादा साहेब झाला त्याचा एवढा तरी उपयोग. मग तुला त्या नकाशाची घाईच झाली. दर दोन दिवसांनी विचारायचास, झाला का, झाला का. वहिनी जिन्यात पडल्या म्हणून तू येईनासा झालास, तेव्हा त्यांचा मोडका चष्मा मी दुकानात सरळ करून दिला, आणि तुझ्या वाटणीच्या जागाही मीच मोजून आले. थंडीने नाक गळत होतं आणि मी तळ्याकाठी मान वर करून उभी होते. कशासाठी? तर तुझ्या खांबांना जागा दाखवायला. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, त्यातली आंधळी मी. तू कोण ते तूच ठरव.

तू परका असतास तर मी अर्ज केला असता, कचेरीत जाऊन भांडले असते, चार लोकांच्या सह्या आणल्या असत्या. आता कोणाकडे जाऊ? अर्ज घेणारा तूच, सही करणारा तूच. कुंपणानेच शेत खाल्लं.

आणखी एक आठवलं आणि ते सगळ्यात जास्त लागलं. दुर्बीण, आपली तोफ, माझ्याकडे राहायची आणि डोळा लावायची तिची काच, तो आयपीस, तुझ्याकडे, कारण आपलं ठरलं होतं, एकट्याने बघायचं नाही. इतक्या वर्षांत आपण ते मोडलं नाही. तुझं लग्न झालं त्या आठवड्यातसुद्धा तू आयपीस खिशात घालून आला होतास, आणि वहिनींनी आईला विचारलं होतं, "हे रोज संध्याकाळी खिशात काय घेऊन जातात?" बढतीवर जाताना तू तो आयपीस डबीत घालून माझ्या हातावर ठेवलास. मला गहिवरून आलं. मी आईच्या गळ्यात पडून रडले, की बघ, त्याने आपला डोळा मला देऊन टाकला. आता कळतंय, तुला तो नकोच होता. टेकाडावरून पुढे काही दिसणार नाही, हे तुला ठाऊक होतं.

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच असावं. कापताना कळत नाही.

६ डिसेंबर

दादा,

दिवे लागले.

मी जाणार नव्हते, पण गेले. उजेड पांढराफटक आहे, दवाखान्यातल्यासारखा. आपला दगड त्यात एवढासा दिसतो. मान वर केली. चौकोनाचे चार कोपरे कसेबसे होते, आत काहीच नाही. अर्धा तास उभी राहिले, डोळ्यांवर हातांचा आडोसा करून. अकराच्या जागी शून्य, बाजारासारखं. दोन किडे दिव्याभोवती फिरत होते, तेवढीच हालचाल.

तिथून मी तडक तुझ्या घरी गेले. वहिनी नुकत्याच इस्पितळातल्या ड्यूटीवरून आल्या होत्या, पायांतले बूटही काढायचे होते. मी दारातच सुरू झाले. तुमच्या नवऱ्याने असं केलं, तसं केलं, मला फसवलं, तुम्हाला माहीत होतं का? त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या. मला वाटलं म्हणतील, अहो ताई बसा, पाणी घ्या. त्या म्हणाल्या, "बरं झालं दिवे लागले." एवढंच. आणि आत निघून गेल्या.

म्हणजे त्याही सामील. पोटात एक आणि ओठांत एक, नवरा-बायकोचा जोड बरा जमलाय. इतकी वर्षं मी त्यांना पाठच्या बहिणीसारखी मानत होते, त्याचं हे फळ.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हा दोघांना लहानपणापासून आकाशातलं दिसतं, पायाखालचं दिसत नाही." मला वाटलं ती तुझीच बाजू घेते आहे, नेहमीसारखी. मी तिच्याशीही बोलत नाही सध्या. घरात दोनच माणसं आणि दोघी मुक्या. भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणी कोणाला सांगत नाही.

तोफ मी कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली. गावातल्या शाळेला देऊन टाकीन म्हणते. आयपीस तुला पोस्टाने पाठवीन. तुझी वस्तू माझ्याकडे नको.

१५ डिसेंबर

दादा,

हे पत्र बसून, नीट वाच. जेवताना वाचू नकोस.

परवा वहिनी दुकानात आल्या. चष्म्याची काडी पुन्हा निसटली होती, गेल्या वर्षीची तीच. मी मान वर न करता हातात घेतला. स्क्रू बसवताना माझ्या लक्षात आलं, आणि मला माझीच लाज वाटली, कारण गेल्या वर्षीच यायला हवं होतं. जिन्यात पडलेल्या माणसाचा चष्मा आत दबतो, नाहीतर काच फुटते. हा चष्मा तेव्हा एका बाजूने बाहेर फाकला होता. कोणीतरी तोंडावरून ओढून काढल्यासारखा. मी असले चष्मे बघितलेत दादा, लहान मुलं आईच्या तोंडावरचे ओढतात तेव्हा असे होतात. पण तुमच्या घरात लहान मूल नाही.

मी विचारलं नाही. त्याच म्हणाल्या, "ताई, आज माझ्याबरोबर घरापर्यंत याल? हे नाहीयेत ना इथे." मी रागात होते, पण हो म्हटलं.

आम्ही निघालो. मैदानात लख्ख उजेड, तुझा. वहिनी ताठ चालत होत्या, इस्पितळातल्या नव्या मेट्रनची नक्कल करत होत्या, मी न हसण्याचा प्रयत्न करत होते. मैदान संपलं. बंद गिरणीच्या भिंतीलगत ती मोठी झाडं आहेत ना, जिथे वाटेवर वरून फांद्यांचं छप्पर झालंय, तिथे आम्ही शिरलो. आणि दादा, मला काही म्हणजे काही दिसेना. मी, घुबड! मला माझा हात दिसेना. वहिनींनी माझा दंड इतका घट्ट धरला की अजून वळ आहेत.

त्या म्हणाल्या, "इथेच."

मी म्हटलं, काय इथेच?

मग त्यांनी सांगितलं. ते तुला माहीत आहे, मी पुन्हा लिहीत नाही. मागून आलेला हात, ओढलेला चष्मा, त्या कडाडून चावल्या आणि धावत सुटल्या ते. कोणालाही सांगायचं नाही, अशी शपथ त्यांनी तुला घातली होती. मी विचारलं, मलासुद्धा? तर म्हणाल्या, "तुम्हाला तर मुळीच नाही. तुम्ही अंधाराबद्दल इतक्या मायेने बोलता. तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मला त्याची किळस येते?"

मी तिथे रडले. त्या नाही रडल्या. त्यांनी उलट मलाच रुमाल दिला.

आता तुझ्याबद्दल. तुझं कारण कळलं. माझा राग गेला असं समजू नकोस, त्याने फक्त जागा बदलली आहे. मी वहिनींना विचारलं, "दादाला माहीत आहे ना, इथे झालं ते?" त्या म्हणाल्या, "टाकीच्या वाटेवर, एवढंच मी बोलले. कुठे ते त्यांनी विचारलं नाही. मलाही त्या जागेचं नाव घेववेना." तू विचारलं नाहीस. तू माझा नकाशा बाहेर काढलास, आणि जिथे मोठा आकडा तिथे खांब ठोकलास.

अरे, तू नकाशा चोरलास, पण तुला तो वाचता आला नाही! मी गोल कुठे काढते? जिथून आकाश दिसतं तिथे. झाडांखाली उभं राहून कोणी चौकोनातल्या चांदण्या मोजतं का? तिथे चौकोनच दिसत नाही. म्हणून गिरणीच्या झाडांवर माझा गोल नाही. गावातली सगळ्यात काळी जागा माझ्या नकाशावर कोरी आहे, आणि म्हणून ती तुझ्या यादीतही कोरी राहिली. टेकाडावर, जिथे तू आणि मी सोडून कोणी फिरकत नाही, तिथे चार दिवे. बायकोच्या वाटेवर एक नाही.

आणि याहून वाईट ऐक. डोळे अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि एक भक्क उजेड सगळं पुसून टाकतो, हे मला कोणी शिकवलं? पूर्वी वहिनी मैदानातल्या अंधारातून झाडांच्या अंधारात जायच्या, डोळे आधीच सरावलेले असायचे, पुढे कोणी उभं असेल तर निदान आकार दिसला असता. आता त्या लख्ख उजेडातून एकदम आत शिरतात, आणि आंधळ्या होतात. मागून मात्र सगळं स्पष्ट दिसतं, कोण चाललंय, एकटं आहे का. दिवे लावून तू त्यांना जास्त उघडं पाडलंस. हे तुला कळायला हवं होतं दादा. दुसऱ्या कोणत्या अभियंत्याला नाही, तुलाच.

आईला मी सगळं नाही सांगितलं. झाडांखाली दिवा नाही, एवढंच म्हटलं. ती म्हणाली, "दिव्याखाली अंधार." आम्ही पुन्हा बोलायला लागलो आहोत.

मला काय हवं ते लिहिते. नवे खांब मागू नकोस, त्याला वर्ष लागेल. टेकाडावरचे दोन खांब काढून गिरणीच्या झाडांखाली लाव, फांद्यांच्या खाली, उजेड जमिनीवर पडेल असे. तिथून एकही चांदणी कोणाला दिसत नव्हती, तिथल्या दिव्याने कोणाचं काही बिघडणार नाही. वायरमन तयार आहे, तो म्हणतो साहेबांची सही हवी. मैदानातले राहू देत. त्यांचा उजेड मी सोसते.

तू मला नुसतं म्हणाला असतास, "घुबडे, एका बाईला त्या वाटेची भीती वाटते, कोण ते विचारू नकोस," तर मी त्याच दिवशी तुला त्या झाडांपाशी घेऊन गेले असते. शपथ मोडावी लागली नसती. एक वर्ष वाचलं असतं. टेकाडावरचा अंधारसुद्धा मी हसत सोडला असता, मागून तर बघायचं होतंस, आकाश काय चीज आहे. पण तुला वाटलं, ही अंधारच निवडेल. चाळीस वर्षं शेजारी बसून तुला मी एवढीच कळले.

बायकोला कुठे ते विचारलं नाहीस, आणि बहिणीला का ते सांगितलं नाहीस. हे कोणत्या खांबावर टांगू?

तोवर मी रोज संध्याकाळी वहिनींना आणायला जाते. आपला टॉर्च घेऊन. त्याच्यावर आपण लाल कागद लावला होता ना, डोळे दिपू नयेत म्हणून, तो मी फाडून टाकला.

२ जानेवारी

दादा,

तुझी सही आली. सहीखेरीज काही आलं नाही. दोन ओळी लिहायला काय झालं होतं, ते तुझं तुला माहीत.

झाडांखाली दिवे लागले. पहिल्या दिवशी वहिनी भिंतीपाशी थांबल्या, सगळीकडे एकदा बघितलं, आणि मग माझा दंड सोडला. अगदी मधोमध सोडला. पुढे त्या त्यांच्या पायांनी चालल्या, मी मागून. फाटकापाशी त्या म्हणाल्या, "उद्या नका येऊ हं आणायला." मग जरा थांबून म्हणाल्या, "तुमच्या त्या टेकाडावर एवढं असतं तरी काय?"

आज आम्ही दोघी गेलो. दोन दिवे उरलेत, त्यांच्याकडे पाठ करून बसलो. भाद्रपदेचा चौकोन पश्चिमेला कलला होता. मला आत चार दिसल्या. वहिनींना एकही नाही, मग एक, मग त्या ओरडल्याच, "दोन! ताई, दोन!" आधी त्यांना भीती वाटत होती, टॉर्च त्यांनी मला विझवू दिला नव्हता. त्यांनी ते लपवलं नाही.

माळ्यावरून तोफ काढली होती. शाळेला नाही दिली. डबीतून तुझा आयपीस काढून बसवला. एकट्याने बघायचं नाही हा नियम मी मोडला नाही, आज एकटी नव्हतेच. आधी वहिनींनी बघितलं. तो धुरकट ठिपका त्यांना कसाबसा सापडला, आणि त्या बराच वेळ डोळा काढेनात. मी रांगेत उभी होते, थंडीत नाक पुसत.

त्यामुळे आयपीस पाठवत नाही. टेकाडावरच्या त्या दगडावर जागा दोघांचीच आहे हे तुला माहीत आहे, आणि सध्या ती भरली आहे.

तुझी सुट्टी पुढच्या महिन्यात आहे असं वहिनी म्हणत होत्या. यायचं असेल तर ये. पण विचारून ये.